काकींनी बदललेला जेट

"मिस्त्री, लहान जेट हितंच लावा की. तिकडं लडाखात कोन खोलत बसनार?" अण्णा म्हणाले.

मुठा गावचे हे अण्णा माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. टू-स्ट्रोक मोटारसायकल, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. पिरंगुटच्या माझ्या गॅरेजमध्ये ती आली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. आता बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, मागे बसवून लडाखला जायचं अण्णांनी मनावर घेतलं होतं.

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पितळी स्क्रू. त्यातून इंजिनला पेट्रोल जातं. उंचावर हवा विरळ, त्यामुळे नेहमीचं पेट्रोल जास्त होतं. प्लग काळा पडतो, गाडी धापा टाकते. म्हणून वर लहान भोकाचा जेट लावायचा. पण तोच इथे लावला तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं, पिस्टन जाम होतो आणि पळत्या गाडीचं मागचं चाक अडकतं. मग माणसं कुठे पडतील सांगता येत नाही.

"अण्णा, हे तुम्हालाच तिकडे करावं लागेल," म्हणून मी शिकवायला बसलो. पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरची खालची वाटी खोला, जेट बदला. दोन्हीकडे सारखाच.

अण्णांची बोटं जाडजूड. जेट सारखा फरशीवर. काकी स्टुलावर बसून चहा पीत होत्या. त्यांनी तो उचलला आणि उजेडात धरून भोकातून पाहिलं.

"ह्यो तर स्टोचा निपल! ह्याला एवढं रामायन?"

आणि दोन्ही जेट त्यांनीच बदलले. मग मला विचारलं, "वर ल्हान लावायचा. मंग खाली आल्यावर?"

हे सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. माझ्याकडून लडाखला जाणारी पोरं परतीला गाडी ट्रकात घालून पाठवतात, त्यामुळे उतरणीचं शिकवायची मला सवयच नव्हती. हे दोघं तर गाडीवरूनच परतणार होते.

"मोठे परत लावायचे, काकी. नाहीतर खाली सपाटीला चाक अडकेल."

"आन् ह्ये आत्ता सांगताय व्हय?"

मोठे जेट त्यांनी पुन्हा गाडीला लावले आणि लहान पानसुपारीच्या बटव्यात टाकले.

लडाखहून परतल्यावर दोघं गाडीवरूनच गॅरेजला आले. मी प्लग काढला. बिस्किटासारखा भुरा, म्हणजे पेट्रोल हवं तेवढंच. वाटी खोलली. दोन्हीकडे मोठे जेट, नीट आवळलेले. मी उठून काकींच्या पाया पडायला वाकलो. त्यांच्या त्या एका प्रश्नाचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

"अवो, हात काळं हायेत तुमचं! लुगडं खराब व्हईल," काकी मागे सरकल्या.

तेव्हापासून गाडी वर निघाली की मी उतरण आधी शिकवतो. आणि मागे कोण बसणार, तेही विचारून घेतो.