मे महिन्यात वडवणीच्या बाजाराला

जूनमध्ये शाळा उघडली, की आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला. "यंदा बाजारात काय झालं?" महाबळेश्वरला जाऊन आलेल्यांना कुणी काही विचारत नाही! आम्ही तिघी मात्र दर मे महिन्यात बीडहून वडवणीच्या आठवडी बाजाराला जातो. जातो लोणच्याच्या कैऱ्या आणायला, आणि येताना काहीतरी भलतंच सोबत येतं. लोणचं दिवाळीपर्यंत संपून जातं. किस्से साठतच चाललेत.

तिघी म्हणजे मराठीच्या शोभाताई, ज्यांना दुकानाच्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली तरी ब्लडप्रेशर वाढतं. विज्ञानाच्या शबाना मॅडम, ज्यांचा प्रयोग केल्याशिवाय कशावरच विश्वास बसत नाही. आणि गणित शिकवणारी मी. गाडी ज्ञानोबाची. तो चौसाळ्याचा, बोलतो कमी.

*

एकदा शबाना मॅडमना माठ घ्यायचा होता. माठ घेताना टिचकी मारून बघायची रीत आहे, खणखणीत वाजला की पक्का. मॅडमनी टिचकी मारली. टण्! आतून उत्तर आलं. टण्!

"एको," मॅडम म्हणाल्या.

दोन मारल्या. आतून दोन.

"बघितलंत? एको."

मग त्यांनी तीन मारल्या. आतून चार आल्या.

मॅडमनी माठ उचलून आत बघितलं. कोरडा ठणठणीत, रिकामा. मला म्हणाल्या, "तू मारून बघ." मी कशाला मारतेय!

तेवढ्यात कुंभारमामा हातातलं गिऱ्हाईक सोडून धावत आले. माठ काढून घेतला, पोत्यात गुंडाळला. "माफ करा मॅडम, ह्यो इकायचा न्हाई. चुकून मांडला."

"पण आत आहे काय?"

"आत कुठं काय हाय?" मामा म्हणाले. "तुमीच बघितलं न्हवं!"

त्या उन्हाळ्यात शबाना मॅडम फ्रीजचंच पाणी प्यायल्या.

*

पुढच्या वर्षी माझी पाळी. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पहिल्याच मिरचीवाल्याने मला हात केला, "आता परत काहून आलात?"

मी म्हटलं, "आत्ताच तर येतेय!"

"सकाळी मिरची नेली की तुमी! हीच साडी व्हती."

मला वाटलं, उन्हाने याचं डोकं तापलंय. पण चिंचवाली तेच म्हणाली. लसूणवाला तेच म्हणाला. टरबूजवाला तर हसायलाच लागला. "बरं झालं आलात, तुमचा चष्मा इसरून गेलतात." त्याने गोणपाटाखालून चष्म्याचं घर काढलं. तपकिरी. एका कोपऱ्याला निळी चिकटपट्टी. आत चष्मा, उजवी काडी दोऱ्याने बांधलेली.

मी पर्स उघडली. तपकिरी घर, निळी चिकटपट्टी, दोऱ्याने बांधलेली काडी. माझा चष्मा माझ्यापाशीच होता.

म्हटलं, "हा माझा नाही."

टरबूजवाला वैतागला. "सकाळी पण तुमी आसंच म्हणलात!"

*

ज्ञानोबाचं एवढंसंच आहे. परतीला आम्ही बसलो, दारं लावली, की तो दर वर्षी विचारतो, "चौघी बसल्या का?"

"अहो, तिघी!"

तो आरशात बघतो. जरा वेळ बघतो. मग म्हणतो, "बरं," आणि गाडी काढतो.

*

शोभाताईंचा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या कापडाच्या पालाखाली कैऱ्या निवडत होत्या. आम्ही दोघी समोर उसाच्या रसाच्या गाड्यावर. तेवढ्यात बाजारातला भोंगा बोलला, "बीडच्या शोभाताई, बीडच्या शोभाताई! तुमच्या मैत्रिणी चिंचेखाली वाट बघायलेत. लगेच या!"

मी आणि शबाना मॅडम एकमेकींकडे बघतच राहिलो. आम्ही तर रस पीत होतो! पण ताई कैऱ्या तशाच टाकून निघाल्या. त्या वीस पावलं गेल्या नसतील, तोच वावटळ आली. शेजारच्या दुकानावरचा पत्रा उडाला आणि त्या कैऱ्यांच्या ढिगात कोयत्यासारखा रुतला. कैरीवाला पाणी आणायला गेला होता, म्हणून वाचला.

आम्ही तिघी भोंगेवाल्याकडे गेलो. विचारलं, "पुकारा करायला कोणी सांगितलं?"

"चिठ्ठी आली की," म्हणाला. "कुणी ठिवली ते न्हाई बघितलं."

चिठ्ठी ताईंच्या अक्षरात होती! तोच डावीकडे कललेला 'श', तीच लांबलचक शिरोरेघ. ताईंनी ती दोनदा वाचली. आम्हाला वाटलं, आता या चक्कर येऊन पडतात.

"अक्षर माझंच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण 'चिंच'ला दुसरी वेलांटी दिलीय. मी मेले तरी अशी चूक करणार नाही!"

आम्ही कुणीच हसलो नाही.

*

आणि हे मागच्या मे महिन्यातलं. त्या दोघी मसाला कांडपाच्या रांगेत होत्या, मी एकटीच फिरत होते. ऊन मी म्हणत होतं. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. फक्त एका म्हाताऱ्या कोथिंबीरवाल्या मावशींच्या शेजारी एक गोणपाट रिकामं अंथरलेलं. लोक त्याला वळसा घालून जात होते. मी टेकले.

"उठा बाई," मावशी म्हणाल्या. "माझ्या जावंची जागा हाय. ती येईल आता."

मी उठले. विचारलं, "कुठं गेल्यात?"

"ऊस तोडाया गेलतो समदे. आमी माघारी आलो, ती न्हाई आली. लई हुडकली." मावशींनी जुडी बांधली. "नात व्हायची व्हती तवाची गोष्ट. आता नातीचं लगीन झालं."

मावशी म्हणाल्या, "वाईच बसा माझ्या जागेवर. पानी पिऊन येते."

मी बसले. समोरून पांढऱ्या टोपीचे एक आजोबा आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रिकाम्या गोणपाटासमोर उकिडवे बसले, हसून म्हणाले, "लई दिसांनी!" वाकून काहीतरी निवडलं, नाकाला लावलं, मान डोलावली, उपरण्यात बांधलं आणि उठले. बांधताना मला दिसलं. लिंबं होती. पिवळी, रसरशीत. आमच्याकडे कोथिंबिरीशिवाय काहीच नव्हतं!

मी गोणपाटाकडे बघितलं. रिकामंच. पण लिंबाचा वास इतका, की तोंडाला पाणी सुटलं.

मावशी पदराने तोंड पुसत आल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या.

"आली व्हती का?"

आयुष्यभर मी मुलांना हो किंवा नाही, एकच उत्तर लिहा म्हणून सांगत आलेय. म्हटलं, "हो."

मावशींनी कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं, माझ्याजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मंग बाई, जरा हिकडं सरकून बसा. तिला पाय लांब करायची सवय हाय."