अर्थ लावणाऱ्या रशीदाबाई

रशीदाबाईंची आणि माझी पहिली भेट विरारच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत झाली. मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. त्या इतिहास शिकवत. मधल्या सुट्टीत त्या समोर येऊन बसल्या आणि ओळखपाळख न करताच त्यांनी विचारले, "बाई, दया आणि माया यांत फरक काय हो?"

मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "कुराण लहानपणापासून वाचते. अरबी उच्चार पाठ आहेत, पण अर्थ कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. आता पन्नाशीला आले, म्हटलं शिकावं." त्यासाठी त्या सुट्टीच्या दिवशी एका वृद्ध मौलवींकडे जात. 'रहमत' या शब्दापाशी त्यांचे अडले होते. "आईच्या गर्भाशयाला अरबीत याच मुळाचा शब्द आहे. त्यापुढे दया कोरडी वाटते." मी म्हटले, "मग माया लिहा." त्यांनी वहीत लिहून घेतले. आमची मैत्री तिथून सुरू झाली, तिला आता पंचवीस वर्षे झाली.

निवृत्तीनंतर त्यांनी फुलपाड्यातल्या आपल्या घरी दर रविवारी दुपारी बायकांचा वर्ग सुरू केला. आधी अरबी वाचन, मग मराठीत अर्थ. आसपासच्या इमारतींतल्या वीसेक जणी येत आणि त्यांना 'आपा' म्हणत. मी निर्मळ गावातल्या माझ्या घरून स्कूटरवर जाई, टिपणांचे मराठी तपासायला. शंका विचारणारीवर त्या खूश असत, नुसती मान डोलावणारीला मात्र म्हणत, "कळलं ना? मग तुझ्या शब्दांत सांग."

गौरवलेखात माणसाची चूक सांगू नये, असा संकेत आहे. तो मी मोडते आहे, कारण त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या चुकीनंतर दुणावला.

एका रमझानच्या तोंडावर त्यांनी रोज्यांविषयीचा भाग शिकवला. रोजा माणसाच्या भल्याचा आहे, हे तळमळीने सांगितले. आजाऱ्याला दिलेली सवलत मात्र दोन वाक्यांत उरकली, वर म्हणाल्या, "मन घट्ट असेल तर सवलत लागत नाही." वर्गातल्या झुबेदाताईंना मधुमेह होता. त्यांनी डॉक्टरांना न विचारता रोजे धरले आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले.

आम्ही दोघी भेटायला गेलो. झुबेदाताई ओशाळून म्हणाल्या, "आपा, माझंच मन कच्चं पडलं."

रशीदाबाई म्हणाल्या, "मन नाही गं. माझं शिकवणं कच्चं होतं."

घरी येऊन त्यांनी तो भाग पुन्हा काढला आणि मौलवींनाही विचारले. आजाऱ्याने बरे झाल्यावर रोजे भरून काढावेत, अल्लाहला माणसाची अडचण नको, सोय हवी आहे, हे तिथेच होते. मी सुचवले, "रविवारी वर्गात सांगा."

"रविवारपर्यंत आणखी कुणी पडलं तर?" असे म्हणून दुसऱ्या दिवशी त्या उन्हात घरोघरी निघाल्या. स्वतःचा रोजा होताच. प्रत्येक दारात त्या सांगत, "मी चुकीचं शिकवलं होतं, ते दुरुस्त करायला आले." एका घरात सासूबाईंनी ऐकवले, "चुकीचं शिकवता, तर वर्ग कशाला घेता?" रशीदाबाई म्हणाल्या, "रागवा, पण ऐकून घ्या. तुमच्या सुनेला सातवा महिना आहे." सुनेने त्या दिवसापासून रोजे थांबवले. सासूबाई पुढे स्वतःच वर्गाला येऊ लागल्या. आज सर्वांत जास्त शंका त्याच काढतात.

माझे यजमान गेले, तेव्हा सहामाहीच्या उत्तरपत्रिका माझ्या घरी तशाच पडून होत्या. रशीदाबाई निर्मळला आल्या. निघताना गठ्ठा उचलून म्हणाल्या, "शुद्धलेखन तुमच्याइतकं नाही जमणार, पण मुलांवर अन्याय होणार नाही." आठ दिवसांनी साऱ्या पत्रिका तपासून परत आल्या. प्रत्येक चुकीपुढे बरोबर शब्द लिहिलेला होता.

यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. वर्गाचे कुराण दुसऱ्यांदा वाचून होत आले आहे. परवा मी विचारले, "हे संपल्यावर काय?" त्या म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून. मागच्या वेळी कळलं नव्हतं, असं बरंच निघतंय."

रशीदाबाईंना असे अनेक आरंभ लाभोत. डोळ्यांना बारीक अक्षर दिसत राहो, गुडघ्यांना जिना झेपत राहो, आणि त्यांना अडवून प्रश्न विचारणाऱ्या बायका दर रविवारी त्यांच्या दारात येत राहोत.