नववा आठवडा

दवाखान्यात तिला सिस्टर म्हणणारे फक्त नवखे लोक. बाकी सगळे तिला चकतीबाई म्हणत, तेही तोंडावर, कारण तिला या नावाचा राग येत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. राग यायला तिच्याकडे इतर कारणं भरपूर होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर थुंकणारे, कागद घडी न घालता बोळा करून आणणारे, आणि बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देणारे नवरे, ही त्यातली पहिली तीन.

चकती तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात असे. एकावर एक बसवलेले दोन गोल पुठ्ठे. बाहेरच्यावर वर्षाच्या तारखा, आतल्यावर आठवडे. शेवटच्या पाळीची तारीख बाणाखाली आणली, की आज कितवा आठवडा चालू आहे आणि बाळ कधी येणार, हे दोन्ही समोर दिसतं. एकतीस वर्षांत पुठ्ठ्याच्या कडा इतक्या झिजल्या होत्या की फेब्रुवारीचे शेवटचे चार दिवस तिला नुसत्या अंदाजाने वाचावे लागत. हेच काम टेबलावरच्या कॉम्प्युटरलाही येत होतं. पण कॉम्प्युटरला आधी तारीख सांगावी लागते, आणि तारीख छातीठोकपणे सांगणारी बाई चकतीबाईच्या मते दहात दोन.

"तारीख कुणाच्या लक्षात राहते?" ती नव्या नर्सना म्हणे. "दिवस लक्षात राहतो. दिवस विचारा."

आणि ती दिवस विचारत असे. त्या दिवशी घरी कोण आलं होतं, दूध उतू गेलं होतं का, लाईट गेली होती का, कुणाशी वाजलं होतं का. भांडणावर तिचा सगळ्यांत जास्त भरवसा. बाई नवऱ्याचा वाढदिवस विसरेल, जावेचं बोलणं विसरणार नाही, असा तिचा अनुभव होता. एकदा एक इंजिनियर नवरा रंगीत तक्ता छापून घेऊन आला होता आणि त्याने सगळं गणित लग्नाच्या दिवसापासून केलं होतं. चकतीबाईने तक्ता नीट बघितला, छपाईचं कौतुक केलं, आणि लग्नाचा या गोष्टीशी संबंध असला तरी तो इतका सरळ नसतो, असं त्याला समजावून सांगितलं.

नवऱ्यांना आणखी एक गोष्ट कधी पटत नसे. आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे गर्भ राहण्याच्या दोन आठवडे आधीपासून. तेव्हा तर काहीच नव्हतं, असं ते म्हणत. शाळेत नाव घालायच्या आधीच हजेरी लागते असं हे एकच ठिकाण आहे, एवढं सांगून ती पुढच्या बाईला आत बोलावी.

थट्टा ती करायची खरी, पण मनातून तिला या सगळ्याचं अजून नवल वाटत होतं. आई भाजी निवडत असते, बस पकडत असते, कुणावर तरी चिडलेली असते, आणि आत सहाव्या आठवड्यात एक हृदय आपलं आपण चालू होतं. कुणाला विचारत नाही, कुणाला सांगत नाही. घरी धाकटी बहीण होती. तिला हे पुन्हा पुन्हा ऐकावं लागे. तीस वर्षं तेच तेच काय सांगतेस, असं बहीण म्हणायची. तीस वर्षं तेच तेच होतंय, म्हणून तर सांगते, असं तिचं उत्तर असे.

एका बाबतीत मात्र तिने कानाला खडा लावला होता. पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायचं हातात मावणारं यंत्र, म्हणजे डॉपलर, बारा आठवडे पुरे झाल्याशिवाय ती कुणाच्या पोटाला लावत नसे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलीच्या हट्टापायी तिने ते साडेनऊ आठवड्यांना लावलं होतं. इतक्या लवकर ठोके सापडत नाहीत, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण काही ऐकू येईना तेव्हा तिचा चेहरा पडला, आणि मुलीने तो चेहरा बघितला. सोनोग्राफी होईपर्यंत चार दिवस ती मुलगी जेवली नाही. पुढे सगळं छान झालं, बाळ गुटगुटीत निघालं, पण मुलगी पुन्हा कधी चकतीबाईकडे आली नाही.

चोवीस सप्टेंबरला, गुरुवारी सकाळी, रंगारीण आली.

तिला गावात सगळेच ओळखत. निम्म्या दुकानांच्या पाट्या तिच्या हातच्या होत्या. नवऱ्याचा जुना शर्ट, नखांच्या कडेला निळा रंग, अंगाला टर्पेंटाईनचा वास. तपासणीच्या खोलीच्या खिडकीतून गावाची पाण्याची टाकी दिसे, आणि तिच्यावरची 'पाणी जपून वापरा' ही माणसाएवढी अक्षरंही महिन्याभरापूर्वी हिनेच काढली होती.

रंगारीण तारीख घेऊनच आली होती. तीस जुलै. पुरावाही होता. पुरं झालेल्या कामाच्या कोपऱ्यात ती बारीक अक्षरांत तारीख टाकते आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवते. हार्डवेअरच्या दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरच पाळी सुरू झाली होती, आणि पाटीच्या कोपऱ्यात तीस जुलै लिहिलेलं होतं. चकतीबाईला काही विचारायचं उरलंच नाही. तिने चकती फिरवली. आठ आठवडे पुरे, आजपासून नववा. बाळ सहा मेच्या सुमारास.

मे महिना रंगारणीने ऐकलासुद्धा नाही. तिने पिशवीतून जुने कागद काढून टेबलावर ठेवले, नीट घडी घातलेले. चकतीबाईने ते वाचले. याआधी तीन वेळा दिवस राहिले होते. तिन्ही वेळा गर्भ गेला, आणि तिन्ही वेळा नवव्या आठवड्यात.

"सिस्टर, एक विचारू?" रंगारीण म्हणाली. "या आठवड्यात ते होणार, हे एक दिवस आधी कळेल असं काही असतं का?"

"कळून काय करणार?"

"नवऱ्याला या खेपेला सांगितलेलं नाही. मागच्या वेळी झालं, तेव्हापासून तो संध्याकाळी आला की माझे ब्रश धुतो. बोलत काही नाही. नुसता ब्रश धुतो. या खेपेला होईल त्या दिवशी त्याला कुठेतरी पाठवायचंय, एवढंच."

चकतीबाईने कागदांची घडी पुन्हा घातली आणि रंगारणीला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं.

तपासायचं म्हणून तिने ओटीपोटावर हात ठेवला. बोटं खाली सरकत हाडापाशी आली आणि थांबली. हाडाच्या जरासं वर, आत, काहीतरी गोल आणि घट्ट लागत होतं. आठ आठवड्यांना गर्भाशय हाडाच्या मागे खोल असतं, ते बाहेरून हाताला लागत नाही. तिने रंगारणीला बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, कधीकधी भरलेली लघवीची पिशवीच फसवते म्हणून. ती परत आली. पुन्हा हात लावला. ते तिथेच होतं.

जुळं असेल, किंवा गर्भाशयात गाठ असेल, किंवा तारीख चूक असून दिवस जास्त भरले असतील. तिसरी शक्यता मनात आली आणि चकतीबाईला स्वतःची लाज वाटली. एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आली होती की तारीख नको, दिवस विचारा. आणि आज तारीख आयती हातात पडली तशी तिने दिवस विचारलाच नव्हता.

मग तिने विचारलं. तीस जुलैला नेमकं काय झालं होतं? रंगारीण म्हणाली, थोडासाच डाग होता, फिकट. दुसऱ्या दिवशी दुपारी बंद. शिडीवरून उतरावंही लागलं नाही. दर वेळी असंच असतं का? छे, दर वेळी पहिल्या दिवशी उभं राहवत नाही. मग उभं न राहवणारा असा दिवस त्याच्या आधी कधी आला होता? त्याचं उत्तर तिला देता येईना. तिसऱ्या खेपेनंतर दोन वर्षांपूर्वीच तिने मोजणं सोडलं होतं. ती फोनवर मागे मागे जात राहिली. टायरचं दुकान गेलं, दातांचा दवाखाना गेला, सलूनचा आरसा गेला. मग एका शाळेची भिंत आली आणि तिचं बोट थांबलं.

"हा सातचा पाढा," ती म्हणाली. "सात साते लिहिलं आणि मी पायरीवर बसले ती उठलेच नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली होती. उरलेला पाढा दुसऱ्या दिवशी पुरा केला."

भिंतीच्या कोपऱ्यात तीन जुलै होतं. म्हणजे पायरीवर बसली तो दिवस दोन जुलै. चकतीबाईने बाण दोन जुलैवर आणला. आजच्या तारखेसमोर बारा आला. तिने चकती शून्यावर नेऊन पुन्हा फिरवली. पुन्हा बाराच.

रंगारीण तिच्या हातांकडे बघत होती. काय झालं, असं तिने विचारलं.

आता पंचाईत. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई शनिवारी येणार होत्या. दोन दिवस अळीमिळी गुपचिळी धरणं हा नियमाचा रस्ता होता. पण दोन दिवस ही बाई घरी भिंतीकडे तोंड करून त्या दिवसाची वाट बघत पडली असती. उलट आता सांगितलं आणि ती गाठ निघाली, तर आशा दाखवून काढून घेतल्यासारखं झालं असतं. आणि डॉपलर लावून काही ऐकू आलं नाही तर काय होतं, हे चकतीबाईने एकदा बघितलं होतं. तरी तिने कपाटातून यंत्र काढलं.

"ऐक, बाळा. तारखेत घोटाळा आहे असं मला वाटतंय. वाटतंय, म्हणजे खात्री नाही. हे लावून बघते. ठोके लागले तर लागले. नाही लागले तर त्याचा अर्थ काहीही नाही, शनिवारी मोठ्या मशीनवर बघू. फक्त माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. माझं तोंड वाईट आहे, ते भलतंसलतं बोलतं."

"मग तुम्ही खिडकीकडे बघा," रंगारीण म्हणाली. "मी छताकडे बघते."

तसं ठरलं. चकतीबाईने पोटावर जेल लावलं, यंत्र टेकवलं आणि टाकीकडे नजर लावली. आधी नुसती खरखर. मग एक संथ, जड ठोका आला, तो आईचाच. तिने यंत्र बोटभर सरकवलं. पुन्हा खरखर. आणखी बोटभर. टाकीवरचा 'पा' बघून बघून तिला त्याच्या कान्याची जाडी पाठ झाली. तिने मनगट किंचित कलतं केलं, हाडाच्या दिशेने खाली, आणि आईच्या ठोक्याच्या मागून, कुणी घाईघाईने जिना चढावं तसं काहीतरी ऐकू आलं. ते गेलं. पुन्हा आलं, आणि मग राहिलं.

चकतीबाईने घड्याळ बघून मोजले. मिनिटाला एकशे साठ.

छताकडे बघत रंगारीण म्हणाली, "एवढं जोरात धडधडतंय माझं?"

"तुझे ठोके आधी ऐकलेस ना, सावकाश होते ते. हे तुझे नाहीत."

चकतीबाईने हे ठोके किती हजार वेळा ऐकले होते याची गणती नव्हती, तरी तिने यंत्र लगेच उचललं नाही. रंगारणीच्या डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं आणि ती पुसत नव्हती.

मग चकतीबाईने तिला समजावून सांगितलं. तीस जुलैचा डाग म्हणजे पाळी नव्हतीच. दिवस राहिल्यावरही पाळीच्या सुमाराला कुणाकुणाला थोडं दिसतं, आणि बाई फसते. आज बारा आठवडे पुरे झाले. बाळ सहा मेला नाही, आठ एप्रिलच्या सुमाराला.

"आणि नववा आठवडा?"

"झाला."

"कधी?"

चकतीबाईने चकती तिच्या हातात दिली आणि बोटाने दाखवलं. सत्तावीस ऑगस्ट ते दोन सप्टेंबर. रंगारीण पोटावरचं जेल न पुसताच उठली, खिडकीशी गेली आणि टाकीकडे बघत उभी राहिली.

"तेव्हा मी तिथे होते," ती म्हणाली. "चार दिवस. डबासुद्धा वरच खायचे. खूप भूक लागायची."

चकतीबाईने मग आपलं नेहमीचं तोंड चालू केलं. शनिवारची सोनोग्राफी चुकवायची नाही. पुढे सगळं नीटच होईल असा शब्द कुणीही देऊ शकत नाही, तीही देणार नाही. मोठी शिडी बंद, बसून रंगवता येतील तेवढ्याच पाट्या. आणि त्या ब्रश धुणाऱ्या माणसाला आज सांगून टाकायचं. रंगारीण सगळ्याला हो म्हणाली, पण ती ऐकत होती असं काही वाटलं नाही.

शनिवारी नवराही आला. चकतीबाईच्या रागाच्या पहिल्या तीन कारणांपैकी एकही त्याच्यात नव्हतं. त्याने तोंडच उघडलं नाही. पडद्यावर बाळाने एक हात वर केला, आणि डॉक्टरीणबाईंनी डोक्यापासून ढुंगणापर्यंत मापलं, सत्तावन्न मिलिमीटर. बारा आठवडे, दोन दिवस. गाठबीठ काही नाही. बाहेर आल्यावर त्याने चकतीबाईला एवढंच विचारलं, केवढं आहे? तिने अंगठा आणि पहिलं बोट फाकवून अंतर दाखवलं. त्याने आपली बोटं तेवढीच फाकवली आणि तशीच धरून तो जिना उतरला.

संध्याकाळी घरी जाताना चकतीबाई वाट वाकडी करून टाकीपाशी गेली. खाली कुणी नव्हतं. जिथून शिडी वर जाते त्या खांबावर, हाताला येईल एवढ्या उंचीवर, निळ्या रंगात बारीक अक्षरांत तारीख होती. तीस ऑगस्ट. ती तोंडी सांगू शकली असती, तरी तिने चकती काढून फिरवली. आठ आठवडे, तीन दिवस.

तिने वर बघितलं. शिडी बघता बघता मान दुखायला लागली, तरी कठडा अजून वरच होता. त्या दिवशी गावातल्या कुणीही मान वर केली असती, तर त्याला कमरेला दोरी बांधून अक्षरं काढणारी एक बाई दिसली असती. त्या दोरीला दोघं होती, आणि हे तिथे वर तिलाही ठाऊक नव्हतं.