पडवीत तापलेलं गवत

लग्नाआधी गवत म्हणजे मला बागेतली हिरवळ तेवढी ठाऊक. माहेर कल्याणचं, वडील नोकरदार. सासर माथेरानच्या बाजूला, कळंबजवळच्या खेड्यात. घरी दोन म्हशी, आणि दिवाळी सरली की सगळं घर माळावर गवत कापायला. मीही विळा घेऊन निघाले, तर जाऊबाई म्हणाल्या, "तू ऱ्हा घरी, भाकऱ्या थाप." असा राग आला मला! या घरच्या कामात माझी गणती होणार, की जन्मभर पाहुणीच राहणार, एवढीच तेव्हा माझी काळजी.

कापलेलं गवत माळावरच वाळत पडलं. "तीन उन्हं लागल्याबिगर पडवीत भरू नका," असं बजावून सासरे लेकीकडे खालापूरला गेले. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. दुसऱ्याच दुपारी माथेरानच्या डोंगरावर काळंकुट्ट दिसलं आणि मी बोंबलले, "पाऊस आला, पाऊस!" मग काय विचारता! जाऊबाई, दीर, शेजारपाजारचे, सगळे धावले. भारे डोक्यावर, गवत केसांत, पोलक्यात, तोंडात. पडवी आढ्यापर्यंत कोंबली. आम्ही दोघी जावांनी वर चढून नाचून नाचून ते दाबलं. हसता हसता मी दोनदा खाली घसरले.

आणि पाऊस? टिपूस नाही! ढग घाटाकडे निघून गेले, लख्ख ऊन पडलं. "वैनी, छत्री देऊ का गं?" दीर हसून गडाबडा लोळले. पण एवढं गवत परत बाहेर काढायचा कंटाळा सगळ्यांनाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत आंबूस, गुळमट वास आला. मी गवतात कोपरापर्यंत हात घातला आणि किंचाळले. आत चुलीवरच्या पातेल्यागत गरम! तेवढ्यात मामा परतलेच.

"अर्धं वलं गवत दाबलं का आतून तापतं, पोरी. बुरशी धरंल, म्हस तोंड लावायची नाय. लई तापलं तर पेटतं बी."

उन्हाळ्याचा चारा मी घालवला होता! पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी भारा उचलला. काळं पडलेलं वेगळं काढलं, बाकीचं अंगणात पसरलं, तीन दिवस उलथत बसले. भाकऱ्या जाऊबाईंनी थापल्या, आणि वर मला चिडवलंही.

मग मामांनी वाळलेल्या गवताची एक मूठ माझ्या हाती दिली. "घाल तिला." मोठी म्हैस भारी नखरेल, जरा कुबट वास आला की मान फिरवायची. तिनं हुंगलं. फुर्र केलं. दिराचंही हसू थांबलं. मग जीभ काढून तिनं अख्खी मूठ ओढली, कराकरा चावली आणि आणखी हवं म्हणून माझ्या पदरालाच तोंड घातलं! मी हसत होते की रडत होते, देव जाणे.

मामा दिराकडे वळले. "पुढल्या साली गवत कदी भरायचं ते हिला इचारा रं. हिचा हात भाजलाय."