लिंबाजीसाठी निवडलेलं इंजिन

महादेवचा फोन आला तेव्हा मी मांजरसुंब्याच्या चौकात बॅग पायाशी ठेवून उभा होतो आणि खरं सांगायचं तर चांगलाच वैतागलो होतो. पुण्याहून, लेकीकडून परत आलो की लिंबाजीची पिकअप त्या चौकात ढाब्यासमोर उभी असायची. हा आमचा कैक वर्षांचा शिरस्ता. ट्रॅव्हल्स लवकर येवो की उशिरा, हा आपला स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. त्या दिवशी गाडी नव्हती. तीन आठवडे फ्लॅटमध्ये बसून कंटाळलेला माणूस मी. लिंबाजीला मनातल्या मनात दोन-चार शिव्या घालून झाल्या आणि तेवढ्यात त्याच्या मुलाचा फोन. महादेव म्हणाला, "काका, आबा गेले. सकाळीच." यावर मी पहिला प्रश्न काय विचारावा? "गाडीवर होता का?" महादेव म्हणाला की नाही, चार दिवस ताप होता, छातीत कफ भरला होता, बीडला दवाखान्यात हलवलं, तिथं... तो सांगत राहिला आणि मला हायसं वाटलं. पंचावन्न वर्षांचा सोबती गेला आणि मला आधी खात्री हवी होती की त्यात माझ्या इंजिनाचा दोष नाही. हे लिहायला जड जातंय, पण झालं ते असं झालं.

इंजिनाचं काय, ते सांगतो. लिंबाजीच्या जुन्या पिकअपमध्ये दोन वर्षांपूर्वी नव्या पद्धतीचं इंजिन बसवलं. ते मी निवडलेलं होतं, त्याच्या मनाविरुद्ध. आणि लिंबाजीला शेवटची सहा-सात वर्षं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, हे मला त्याच्या तेराव्याला कळलं. मी एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढली. बस फाटकातून आत येतानाच आवाजावरून सांगायचो की कितव्या सिलिंडरचं दुखणं आहे. पोरं मला 'कानाचा डॉक्टर' म्हणायची आणि मला ते आवडायचं. असा हा कानाचा डॉक्टर रोज संध्याकाळी एका बहिऱ्या माणसाबरोबर चहा पीत बसायचा आणि त्याला पत्ता नव्हता.

लिंबागणेशच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. सातवीनंतर मी पुढं गेलो आणि तो ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून गेला, मग ड्रायव्हर झाला, आणि लग्नानंतर वडवणीच्या एका ठेकेदाराकडून त्यानं ही पिकअप घेतली. लांब नाकाची, जीपच्या चासीवर बांधलेली, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. डावं दार उचलून धरल्याशिवाय लागत नसे. तिनं काय नाही वाहिलं? सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन, वडवणीच्या बाजाराला भाजी, दिवाळी सरली की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे संसार, त्यांच्या शेळ्या आणि कोंबड्यांसकट. जुनं डिझेल इंजिन, बॉनेटला आतून अस्तर नाही, केबिनमध्ये दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागे. त्या केबिनमध्ये त्यानं तीस-पस्तीस वर्षं काढली. आता हे वाक्य लिहिताना मला त्यातून जे दिसतंय, ते तेव्हा दिसलं नाही. मला आपलं इंजिनच दिसायचं.

ते इंजिन थकलं होतं यात वाद नाही. तेल खायचं, चढाला काळा धूर ओकायचं, दोनदा बोअरिंग करून झालेलं, आणि सुटे भाग भंगारातसुद्धा मिळेनासे झाले होते. आता इंजिनच बदलावं लागणार, यावर आमचं एकमत झालं. कोणतं बसवायचं, यावर मात्र वर्षभर वाद चालला. मी नुकताच रिटायर झालेलो, हातात वेळच वेळ, आणि अंगातली मस्ती अजून उतरलेली नव्हती. माझं म्हणणं सरळ होतं. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर पळणारी गाडी आहे, तिला आजकालचं कॉम्प्युटरवर चालणारं इंजिन बसवावं. कमी पितं, चढाला ओढतं, आणि आवाज नाही. लिंबाजीला जुन्याच जातीचं हवं होतं. मी कारण विचारायचो. तो म्हणायचा, वायरी उंदरं खातील. मी म्हणायचो, वायरींना नळी घालू. तो म्हणायचा, सेन्सर गेला तर रानात गाडी उभी राहील. मी म्हणायचो, मी आहे की. तो दुसऱ्या दिवशी नवं कारण काढायचा. सलीम मिस्त्री आमच्या दोघांच्या ओळखीचा, काम त्याच्याच गॅरेजात व्हायचं होतं. त्यानं मधला मार्ग सुचवला की थोडं नवं पण साध्या पंपाचं घ्या, कॉम्प्युटर नको, धडधडेल थोडं पण चालेल. लिंबाजी लगेच तयार झाला. मीच म्हणालो, मधलं-बिधलं काही नाही, करायचं तर नीट करायचं. मला त्याचं भलंच करायचं होतं आणि भलं करणाऱ्या माणसाला थांबवणं फार अवघड असतं.

शेवटी आम्ही नगरला भंगार बाजारात गेलो. अपघातात चेपलेल्या एका गाडीचं इंजिन सलीमनं हेरून ठेवलं होतं. फारसं न चाललेलं, झाकणसुद्धा चकचकीत. दुकानदारानं ते लोखंडी घोडीवर चढवलं, बॅटरी जोडली आणि चालू केलं. मी जवळ जाऊन ऐकलं. काय सांगू, असं गोड इंजिन मी डेपोत आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी वळून लिंबाजीकडं बघितलं. तो जवळ आला, त्यानं झाकणावर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मला विचारलं, "चालू हाय का हे?" मी खदाखदा हसलो. मला वाटलं, गड्यानं काय दाद दिली! दुकानदारही हसला. लिंबाजी आमच्या तोंडाकडं बघत होता. मग म्हणाला, "तू कावून एवढा मागं लागलास बे, दत्त्या? बसव तुला काय बसवायचं ते." मी तो होकार समजलो.

बसवायला दोन महिने लागले. गिअरबॉक्सशी जुळवायला मधली प्लेट खरादावर करून घेतली, इंजिनाला धरणारी माउंटिंगं नवी घडवली, वायरिंग मी स्वतः रात्रंदिवस बसून ओढलं, आरटीओत कागद बदलून आणले. लिंबाजी रोज यायचा, पाने हातात द्यायचा. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मांजरसुंब्याचा घाट तिनं असा चढला की मागं दुधाचे कॅन आहेत की नाहीत ते कळू नये. आणि आम्ही दोघं साध्या आवाजात बोलत होतो. म्हणजे मी बोलत होतो. तो रस्त्याकडं बघत होता. मी त्याला दोनदा विचारलं, "कशी वाटती?" तो काही बोलला नाही, तेव्हा मला त्याचा राग आला होता.

पुढचं तर याहून वाईट आहे. नव्या इंजिनाला महिना झाला असेल. आम्ही चौकात चहाला थांबलो होतो, गाडी चालूच ठेवली होती. चहा पिऊन लिंबाजी वर बसला आणि त्यानं चावी फिरवली. चालू गाडीला सेल मारला की दातावर दात घासल्यासारखा जो कर्कश आवाज होतो, तो सगळ्या चौकानं ऐकला. मी खालून मोठ्यानं म्हणालो, "म्हातारा झालास लिंबा, चालू गाडीला सेल मारतोस?" टपरीवरची दहा-बारा माणसं हसली. तोही हसला, थोडं उशिरा. आणि मी मूर्ख, हा किस्सा त्यानंतर लग्नात, बारशात, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगत सुटलो. बघा, इंजिन असं बिनआवाजी निवडलंय की मालकालाच कळत नाही चालू आहे की बंद! तो शेजारी असला की माझ्या ओठांकडं बघत हसायचा. त्याला तो किस्सा पाठ झाला असणार.

तेराव्याचं जेवण आटोपलं, पाहुणे पांगले, तेव्हा कौसा वहिनींनी, लिंबाजीच्या बायकोनं, मला आत बोलावलं. एक डबी पुढं केली. त्यात कानाचं मशीन होतं. बीडच्या डॉक्टरनं सात वर्षांपूर्वी दिलेलं. दोन्ही कानांच्या नसा गेल्यात, इंजिनाच्या आवाजानं गेल्यात, असं तो म्हणाला होता. लिंबाजीनं ते चार दिवस घातलं. केबिनमध्ये बसलं की डोक्यात पत्रे बडवल्यासारखं होतं म्हणून काढून ठेवलं, ते ठेवलंच. गाडी तो तळपायानं आणि तळहातानं चालवायचा. जुनं इंजिन हलायचं, त्या हलण्यावरून त्याला सगळं कळायचं. फोनवर तो का बोलत नव्हता, नेहमी समोरच का बसायचा, मागून हॉर्न वाजला तरी का सरकत नव्हता, याची सगळ्याची उत्तरं मला एका डबीत मिळाली. बहिऱ्या माणसानं मालाची गाडी चालवावी का? नाही चालवू. हे मला कळतं आणि त्यालाही कळत असणार. पण चाळीस वर्षं चाकामागं बसलेल्या माणसाला उतर म्हणायचं कुणी, आणि उतरून त्यानं करायचं काय... मी वहिनींना एवढंच विचारलं की मला का सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ते इंजिन बघितलंसुद्धा नसतं.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी लई येळा म्हनले, दत्ताभावजींना सांगा. तर म्हनायचे, बाकी समदी माझ्याशी वरडून बोलत्याती. दत्त्या तेवढा साधा बोलतोय. त्याचं मला वठावरनं कळतंय. त्याला कळलं की त्योबी वरडाया लागंल."

खरं होतं. मी ओरडलोच असतो, तेही चारचौघात.

परवा महादेवनं मला बोलावलं. गाडी बरेच दिवस उभी होती, बॅटरी उतरली असेल, विकायच्या आधी एकदा बघा म्हणाला. मी डावं दार उचलून उघडलं आणि सरकून त्याच्या जागी बसलो. या जागी मी आधी कधी बसलो नव्हतो. सीटच्या खळग्यात माझं अंग नीट बसेना. स्टिअरिंगच्या मागं, पुढच्या पत्र्याला, तारेच्या कडीत घट्ट बसवलेली एक काचेची बाटली होती, औषधाची असते तशी लहान, अर्धी पाण्यानं भरलेली. मला वाटलं देवाचं तीर्थ असेल. महादेव म्हणाला, तीर्थ नाही, आबांनी नव्या इंजिनानंतर लावली. इंजिन पायाला कळेना, मग त्या पाण्याकडं बघून चालवायचे. पाणी स्थिर म्हणजे बंद. थरथरलं म्हणजे चालू. बारीक थरथरायला लागलं की गिअर बदलायचा. शेजारी मी असलो की बाटली काढून सीटखाली ठेवायचे. मी त्याच्या शेजारी बसून पन्नास वेळा तो घाट चढलो असेन. त्या प्रत्येक वेळी त्यानं गाडी कशाच्या आधारानं चालवली, देव जाणे.

मी चावी फिरवली. बॅटरीत जीव होता, इंजिन लागलं. मी सवयीनं मान तिरकी करून ऐकलं. चारही सिलिंडर सारखे, कुठं खट्ट नाही, अगदी नगरला ऐकलं होतं तसंच. महादेवला म्हणालो, काही दुखणं नाही, बिनधास्त विक. तो खिडकीपाशी उभा होता. थोडा घुटमळला. म्हणाला, "काका, आबा म्हनत होते दोन म्हैन्यांपासनं पानी एका अंगाला जास्ती हलतंय. डाव्या बाजूला काय तरी ढिलं झालंय. मी म्हनलो काकांना दाखवू, तर म्हनले, नगं. त्यानं हौसेनं निवडलंय, त्याला वाईट वाटंल."

मी बाटलीकडं बघितलं. पाण्यावर बारीक रेघा उठत होत्या आणि डावीकडून जास्त उठत होत्या. मी पुन्हा कान दिला. काही नाही. खाली उतरलो, बॉनेट उघडलं, टॉर्च धरून वाकलो. इंजिनाच्या डाव्या अंगाचं माउंटिंग, जे मी स्वतः घडवून घेतलं होतं, त्याचं रबर मधोमध फाटलं होतं. इंजिन चालूच होतं आणि मला अजूनही काही ऐकू येत नव्हतं.