एक जूनचे तारे

हिंगोलीहून सेनगावकडे निघालेल्या एस.टी.त मला डुलकी लागली, आणि मांडीवरच्या फाइलमधली दीर्घिका स्वप्नात शिरली. दोन हजार चारच्या मे महिन्याचा शेवटचा दिवस. खिडकीबाहेर नांगरलेली काळी रानं आणि वावटळी. स्वप्नात धुळीच्या पट्ट्यांआडून उजळणारे तारकागुच्छ (एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचे पुंजके). जाग आली तेव्हा आपण कोणत्या धुळीतून चाललोय, हेच क्षणभर कळेना.

त्या दीर्घिकेत तारे झपाट्याने जन्मतात. तिच्यातल्या गुच्छांची वयं काढण्यात माझी चार वर्षं गेली होती. बरेच गुच्छ एकाच वयाचे निघाले, म्हणजे तेव्हा ताऱ्यांना मोठा बहर आला असणार! शोधनिबंध तयार होता, पुण्याला परतले की पाठवायचा. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

साखऱ्याला उतरले ती मैत्रीण सुनीताच्या वडिलांच्या, म्हणजे गुरुजींच्या, निवृत्तीसाठी. उतरतानाच चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन, पाय भाजत शाळेत पोचले. मांडवात तीन हार, तीन नारळ. तिन्ही शिक्षक आजच निवृत्त होत होते!

"तिघांचा जन्म एकाच दिवशीचा?" मी गुरुजींना विचारलं.

ते हसले. "समदे एक जूनचे! शाळेत नाव घालताना जल्मतारीख कोणाला ठाऊक व्हती? मास्तरनं लिवली एक जून. मग मीबी निम्म्या गावाला तीच दिली."

घरी जेवायला भाकरी, ठेचा आणि वांग्याचं कोरड्यास (कालवण). गुरुजींच्या आई वाढता वाढता फणकारल्या, "हुरडा खाता खाता कळा आल्या मला. जूनात कुठं हुरडा असतो, बाई?"

सगळे हसले. माझा घास मात्र हातातच राहिला. धुळीआडच्या ज्या गुच्छांचं वय ठरत नव्हतं, त्यांना वयं काढणारा माझा संगणकातला प्रोग्राम काय देत होता? काहीतरी द्यायलाच हवं, म्हणून सगळ्यांना एकच वय. मीही मास्तरच निघाले!

"काहून थांबलीस, माय? तिखट लागलं व्हय?" आजींनी विचारलं.

"हो," म्हणून मी पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत झोप आली नाही. पुण्यात ते गुच्छ बाजूला काढले आणि बहर ओसरला. उरला तो जेमतेम चिमूटभर. त्या दिवशी मी रडले. निबंध पाठवला नाही. पुन्हा मोजण्यात आणखी दोन वर्षं गेली. नव्या तक्त्यात धुळीतल्या गुच्छांपुढे वयाची जागा कोरी आहे, आणि तिची मला आता लाज वाटत नाही.

साखऱ्याहून परतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, मी गुरुजींना वाढदिवसाचं कार्ड धाडलं. तारीख घातली नाही. उत्तरात त्यांनी लिहिलं होतं, "आईनं कार्ड अख्ख्या गल्लीला दाखवलं. म्हणाली, ह्या पोरीनं बराबर लिवलं."