आखूड बाही

पोस्टातल्या साहेबांनी नवा शर्ट अंगात चढवला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "मास्तर, माझा डावा हात वाढला की काय?"

शिंप्यानं टेप लावला. डावी बाही चांगली दोन बोटं आखूड. वहीत माप बरोबर लिहिलेलं होतं. शिंप्याच्या हातांनी मात्र आपल्याच मनाचं केलं होतं. अशी बाही लागायची त्याच्या धाकट्या भावाला. लहानपणी मोडलेला हात नीट बसलाच नाही, आणि तीस वर्षं त्याचे शर्ट दुसऱ्या कुणी शिवले नव्हते.

"दुसरा शिवून देतो. कापड माझं," शिंपी म्हणाला.

माणूस विसरभोळा. ओठांत सुई धरून दुकानभर सुई शोधायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. पण दोन वर्षांपूर्वी धाकट्याच्या ऑपरेशनच्या दिवशी तो दवाखान्यात म्हणून निघाला आणि सवयीनं दुकानात येऊन मशीनवर बसला. आठवलं तेव्हा दुपार झाली होती. धाकटा खाटेवरून एवढंच म्हणाला, "मी मेलो असतो तरी तू काजं करत बसला असतास." तेव्हापासून बोलणं बंद.

संध्याकाळी तो आखूड बाहीचा शर्ट कागदात बांधून शिंपी बसमध्ये चढला. धाकटा राहायचा शेवटच्या थांब्यावर; शिंप्याचं स्वतःचं घर तिसऱ्या थांब्यावर. कुलूप उघडून चपला काढल्या, तेव्हा पुडकं काखेतच सापडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. एकट्यापुरता चहा ढवळताना त्याला कळून चुकलं, यात विसराळूपणा थोडा आणि भीती फार. धाकट्यानं दार उघडून पुन्हा लावून घेतलं तर?

तिसऱ्या दिवशी तो कंडक्टरला म्हणाला, "शेवटच्या थांब्याचं तिकीट द्या. आणि तिसऱ्याला मी उठलो, तर उतरू देऊ नका."

"का हो काका?"

"भावाकडे जायचंय."

तिसरा थांबा आला. शिंपी उठला आणि दाराकडे निघाला. कंडक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा काका. भावाकडे जायचंय ना?"

तो परत जागेवर बसला. घर मागे पडलं. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला 'बसा, बसा' तोच म्हणायचा. त्याला तसं म्हणणारं दोन वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. पुडकं मांडीवर धरून तो पुढचे थांबे मोजत राहिला, आणि डोळे पुसायचं राहूनच गेलं.